पुराणिकाची लेक

पंडिता रमाबाईंचं नाव निघालं की आपली गाडी हमखास एकाच स्टेशनावर थांबते: त्या ख्रिस्ती का झाल्या? हा वाद सव्वाशेहून अधिक वर्षं चघळून झाला आहे. आज तो थोडा बाजूला ठेवू. रमाबाईंनी जे उभं केलं ते उभं करण्याची विद्या त्यांना कुठे मिळाली, एवढंच आज बघायचं आहे.

ती मिळाली देवळाच्या पायरीवर. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्याचा जाब त्यांना पंडितांच्या सभेत द्यावा लागला, पण ते मागे हटले नाहीत. पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात 23 एप्रिल 1858 रोजी रमाबाई जन्मल्या. सहा महिन्यांच्या होत्या तेव्हा त्यांना वेताच्या पेटीत घालून डोंगराखाली उतरवलं, आणि तिथून कुटुंबाचं बिऱ्हाड पाठीवरच राहिलं.

पोट भरत होतं पुराणिकीवर. पुराणिकाचं काम बाहेरून सोपं दिसतं. देवळात किंवा घाटावर बसायचं, पोथी उघडायची, खणखणीत आवाजात वाचायची. मागायचं मात्र नाही. ऐकणारे पोथीपुढे दाणे, फळं, पैसा ठेवतात. गावातला ओघ आटला की पोथी बांधून पुढचं गाव. उघड्यावर आवाज पोचवणं, मुलूख बदलेल तशी भाषा बदलणं, अनोळखी माणसांना तासभर धरून ठेवणं, मिळेल त्यात भागवणं, हे सगळं त्यात आलं. रमाबाईंना शिकवलं आईनं, पहाटे उठवून, पुस्तक हातात न देता, म्हणवून घेऊन. भागवताचे अठरा हजार श्लोक अशा रीतीनं तोंडपाठ झाले.

मग दुष्काळ आला. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्याचं रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे. 1874 च्या सुमारास आईवडील गेले, मोठी बहीणही गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवासशास्त्री. झेलमच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नव्हतं, तेव्हा भावंडांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यांत शिरून डोकं तेवढं बाहेर ठेवलं आणि अंगावर वाळू ओढून रात्र काढली. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्या पदव्यांचा गौरव करताना हा वाळूचा खड्डा आपण विसरतो.

पुढची चार वर्षं घाईची. भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली, आणि 1882 च्या फेब्रुवारीत पतीही पटकीनं गेले. त्याच वर्षी रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापला आणि शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे मराठीत साक्ष दिली. त्यांच्या मागण्या रोकड्या होत्या: मुलींच्या शाळांना स्त्री-शिक्षिका हव्यात, शाळा तपासणाऱ्या स्त्रिया हव्यात, बायकांना डॉक्टर बाया हव्यात.

इंग्लंडच्या तिकिटाचा पैसा ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक विकून उभा केला. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकल्याही आणि संस्कृत शिकवूही लागल्या. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या वैद्यकीय पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. थोडे दिवस राहायचं म्हणून गेलेली बाई जवळजवळ तीन वर्षं तिथे फिरत राहिली. गावोगावच्या सभागृहांत त्या उच्चवर्णीय विधवांची स्थिती सांगत, आणि ऐकणारे वर्षाला डॉलर-डॉलर देण्याचं वचन लिहून देत. पोथी इंग्रजी झाली होती, घाट बदलला होता. बैठक पुराणिकाचीच होती. फरक एक होता. आता मिळालेल्या पैशाचा हिशेब ठेवायला डिसेंबर 1887 मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली, आणि तिनं दहा वर्षांचा भार उचलला. बालोद्यान पद्धतीचं शिक्षण त्या तिथेच शिकल्या. परतल्यावर अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत जाडजूड पुस्तकही लिहिलं. ते आज फारसं कुणी उघडत नाही, आणि याची मला खरी हळहळ वाटते.

आनंदीबाईंचं पदवीदान 11 मार्चचं. रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं तेही 11 मार्चला, 1889 साली. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी गोदूबाईंचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला तोही 11 मार्चलाच, 1893 मध्ये. योगायोगच, पण गमतीचा.

त्याच 1893 मध्ये सदन, जे आता पुण्यात होतं, हादरलं. रमाबाई ख्रिस्ती प्रार्थनेला बसत तेव्हा दार उघडं असे आणि मुली आत येऊन बसत. धर्मात ढवळाढवळ होणार नाही असा शब्द दिलेला होता. पालक चिडले यात नवल नाही. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पंचवीसेक मुली काढून नेल्या गेल्या. दार लावून घ्यायला हवं होतं, असं मलाही वाटतं. पण ज्या घरात रात्रंदिवस एकत्र राहायचं तिथे आपलं दैवत लपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

1896 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. भूक म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पुण्यात प्लेग, म्हणून मुक्काम केडगावला, दौंडच्या रेल्वेलगतच्या माळावर. तिथे विहिरी खणल्या, गाईगुरं पाळली, तेलघाणा, हातमाग आणि छापखाना आला. 1900 च्या दुष्काळानंतर पंगत दोन हजारांच्या घरात गेली.

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला मुलीच होत्या. बरगड्या मोजता येतील अशा अवस्थेत आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मुली केसमधून अचूक खिळा उचलू लागल्या. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणत होत्या. हस्तलिखित त्यांचं, जुळणी या मुलींची. 1921 मध्ये मनोरमा गेली. त्यानंतरही आई मुद्रितं तपासत बसलेली असे. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल त्यांच्या मागे बाहेर पडलं, केडगावच्याच छापखान्यातून.