दुसरी संधी आणि मे महिना

(संस्थेच्या वार्षिक उपकारस्तुती सभेत केलेले भाषण)



सातपुड्याच्या पायथ्याशी आपले जे वसतिगृह आहे, तिथे मी दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. यंदा तिथे दहावीची 14 मुले-मुली आहेत. नऊ जण सीबीएसई, म्हणजे केंद्रीय मंडळाच्या शाळेत जातात आणि पाच जण राज्य मंडळाच्या शाळेत. बहुतेक घरे पावरा आणि भिल्ल समाजाची. काही ख्रिस्ती, पुष्कळशी नाहीत. आपल्या ताटात आणि आपल्या वर्गात तो फरक कधी झालेला नाही, आणि होऊ नये.

परीक्षा बदलली आहे हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, बोर्डाची परीक्षा पाठांतराची नको, समजुतीची हवी. दुसरी, एका दिवसावर मुलाचे सगळे वर्ष टांगलेले नको, त्याला वर्षात दोनदा परीक्षा देता यावी. सीबीएसईने दोन्ही गोष्टी अमलात आणल्या आहेत. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत आता निम्मे प्रश्न असे असतात की शिकलेले वापरून दाखवायचे. 20 टक्के पर्यायी आणि 30 टक्के नेहमीचे छोटे-मोठे उत्तरांचे. आणि 2026 पासून दहावीची परीक्षा दोनदा होणार आहे, फेब्रुवारीत आणि मे महिन्यात.

ऐकायला दोन्ही चांगले, आणि मलाही ते चांगलेच वाटते. पण डोंगरातल्या मुलाच्या हाती त्यातले किती पडते, ते आज आपल्यापुढे ठेवायचे आहे.

आधी प्रश्नांविषयी सांगतो. पूर्वी आमची मुले गाईड पाठ करत. पावरी बोलणारे मूल पहिलीत मराठी शिकते, पुढे इंग्रजी शिकते, आणि तिसऱ्या भाषेतली उत्तरे पाठ करून कसेबसे 33 टक्क्यांची रेघ ओलांडते. आता प्रश्नाच्या आधी आठ-दहा ओळींचा मजकूर येतो. एखादी इमारत असते, तिची लिफ्ट असते, कोणाच्या गुंतवणुकीचे आकडे असतात. गणित सोपे असते, पण मूल त्या मजकुरातच अडकते. गणित येते, विचारले काय ते कळत नाही.

म्हणून आम्ही उलटीकडून सुरुवात केली. मजकूर मोठ्याने वाचायचा. मग एकाने तो पावरीत किंवा भिलीत दुसऱ्याला सांगायचा. मग विचारलेल्या गोष्टीखाली रेघ मारायची. पेन्सिल त्यानंतर. सीबीएसईच्या पेपरला उत्तरे लिहायच्या आधी 15 मिनिटे फक्त वाचायला मिळतात. बरीच मुले ती घड्याळाकडे बघण्यात घालवतात. आमची मुले दर शनिवारी घड्याळ लावून नुसते वाचण्याचा सराव करतात.

दुसरे म्हणजे आम्ही प्रश्न त्यांच्या अंगणातून काढतो. एक मीटरच्या काठीची सावली दीड मीटर पडली, त्याच वेळी मोहाच्या झाडाची सावली 18 मीटर भरली, तर झाड किती उंच? समरूप त्रिकोणाचे हे गणित मुलांनी आवारात सावली मोजून सोडवले. उत्तर 12 मीटर. पाच घरांनी आठवडाभर वेचलेल्या मोहफुलांचे किलो मांडले की सरासरी आणि मध्यक दोन्ही शिकवून होतात. विज्ञानात आम्ल आणि आम्लारी चालू होते. एक मुलगा म्हणाला, "सर, आमची आई राखेने भांडी घासते, राखेचे पाणी बोटाला बुळबुळीत लागते, ते यातलेच का?" होय, यातलेच. जो मुलगा वर्गात मान वर करत नव्हता, त्याने त्या दिवशी फळ्यावर येऊन लिहिले. आपल्याला काहीच येत नाही ही समजूत या मुलांच्या मनात खोल बसलेली असते. नव्या परीक्षेने ती मोडायची एक वाट उघडली आहे, म्हणून मी तिचे स्वागत करतो.

आता दुसऱ्या संधीविषयी. मंडळी, हे नीट ऐका, कारण तुमच्या मंडळीतल्या मुलांनाही याचा उपयोग आहे. परीक्षा दोन असल्या तरी पहिली सर्वांना सक्तीची आहे. दुसरी ऐच्छिक. पहिलीत जो तीन किंवा अधिक विषयांना बसलाच नाही, त्याला त्या वर्षी दुसरीला बसता येत नाही. दुसऱ्या वेळी गुण सुधारायचे तर जास्तीत जास्त तीन विषयांत. एक-दोन विषयांत राहिलेल्यांनाही मे महिन्यात बसता येते. अंतर्गत मूल्यमापन मात्र एकदाच.

हे मी इतके फोडून सांगतो आहे, त्याला कारण आहे. पाड्यावर पालकांची बैठक घेतली तेव्हा एक बाप आनंदाने म्हणाला, "आता दोनदा आहे ना? मग पोरगा होळी करून मे मध्ये देईल." आपल्याकडे सातपुड्यात होळी म्हणजे वर्षाचा सण. ढोल, नाच, नवस, सगळे गाव जागे. यंदाची होळी मार्चच्या सुरुवातीला, ऐन पेपरांच्या दिवसांत येते. त्या बापाचे काही चुकले नव्हते, त्याला कोणी नियम सांगितला नव्हता. आम्ही त्याच बैठकीत पावरीतून नियम समजावला आणि नंतर घरोघर गेलो. आता ठरले आहे की होळीला मुले घरी जाऊन येतील, पण पेपराच्या आदल्या रात्री वसतिगृहात असतील. पालकांनी हे आनंदाने मान्य केले.

पण खरी अडचण पुढची आहे. पहिल्या परीक्षेचा निकाल एप्रिलमध्ये आणि दुसरी परीक्षा मे मध्ये. मधले दिवस मूल कुठे असेल?

मार्च-एप्रिलमध्ये घरची सगळी माणसे पहाटे मोह वेचायला जातात. कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला गेलेली असतात, ती उन्हाळ्यात परततात. मग लग्नसराई. घरी दिवा आहे तर जागा नाही, जागा आहे तर पुस्तक नाही. निकाल ऑनलाइन लागतो आणि पाड्यावर फोनला रेंज नसते. आणि आपले वसतिगृह? ते दरवर्षी एप्रिलअखेर बंद होते.

मागच्या वर्षीची एक मुलगी सांगतो, नाव घेत नाही. धडगावकडची. सगळ्या विषयांत पास झाली, गणितात थोडक्यासाठी राहिली. तेव्हा जुनी पद्धत होती, पण संधी तिलाही होती. जुलैत पुरवणी परीक्षा होती. मे महिन्यात ती घरी गेली. जून उजाडला, पाऊस लागला, भाताची लावणी आली. परीक्षेला ती आलीच नाही. यंदा दिवाळीनंतर आईबापांबरोबर तीही ऊसतोडीला गेली. तिच्या वहीत शेवटचे सोडवलेले गणित बरोबर आहे. तिला दोन महिने बसायला एक जागा आणि समोर एक शिक्षक मिळाला असता, तर आज ती अकरावीत असती असे मला वाटते.

ज्याच्या घरी टेबल आहे, शिकवणी आहे, त्याला मे महिन्याची परीक्षा म्हणजे गुण वाढवण्याचे साधन. आमच्या मुलांना ती शिक्षण चालू राहील की सुटेल याचा निकाल आहे. राज्य मंडळाच्या पाच मुलांचेही तेच. त्यांची पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते, आणि तोवर तीही विखुरलेली असतात.

म्हणून समितीपुढे आणि आपल्यापुढे माझी विनंती एकच आहे. यंदा वसतिगृह मे अखेरपर्यंत उघडे ठेवावे, आणि राज्य मंडळाचे कोणी राहिले तर त्यांच्यासाठी त्यांची परीक्षा होईपर्यंत. त्याला फार मोठा पैसा लागत नाही. तांदूळ, डाळ, तेल, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकर. पुस्तके विकत घ्यायची नाहीत. एनसीईआरटीची पुस्तके आणि मंडळाच्या नमुना प्रश्नपत्रिका इंटरनेटवर फुकट मिळतात, त्या छापून काढायचा खर्च तेवढा आहे. आणि कृपा करून जुनी गाईडे पाठवू नका. त्यांचे दिवस गेले!

पैशांपेक्षा माणसे हवी आहेत. आपल्या तरुण संघातल्या कोणी मे महिन्यात एक एक आठवडा यावे. इंग्रजी मजकूर मुलांबरोबर बसून वाचायचा, एवढे केले तरी पुरे. निवृत्त शिक्षकांनी यावे. एकाने फक्त निकाल आणि अर्जांचे काम घ्यावे. निकालाच्या दिवशी तो पाहायचा, कोण राहिले ते टिपायचे, शाळेतून दुसऱ्या परीक्षेसाठी नाव गेले की नाही ते तपासायचे आणि मुलाच्या पाड्यावर निरोप पोचवायचा. हे काम लहान दिसते, पण कदाचित सर्वांत मोठे आहे.

पेत्राची गोष्ट आपण सर्व जाणता. तो नापास झाला होता, तेही तीनदा. प्रभू त्याला समुद्रकिनारी भेटला, तेव्हा आधी विस्तव पेटवून मासळी आणि भाकर तयार ठेवली होती. खाऊ घातले, आणि मग प्रश्न विचारला. दुसरी संधी द्यायची प्रभूची रीत अशी आहे.

मंडळाने या मुलांना प्रश्न विचारायचे ठरवले आहे. चूल पेटती ठेवायचे काम आपले आहे. फेब्रुवारीत पेपर सुरू होतील तेव्हा या 14 जणांना प्रार्थनेत आठवा. आणि आज घरी जाण्यापूर्वी मे महिन्याचा कोणता आठवडा आपण देऊ शकता, ते बाहेरच्या वहीत लिहून जा.

देव आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.