राजीनाम्यात न लिहिलेला आजार

मोठ्या कंपनीत गंभीर आजारी पडलेल्या कामगाराला सहसा कोणी काढून टाकत नाही. त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतात. आधी हक्काच्या रजा संपतात, मग बिनपगारी सुरू होते. 'कधी जॉइन होताय?' असे एचआरचे फोन येऊ लागतात. डॉक्टर म्हणतात, बसून करायचं काम द्या. कंपनी म्हणते, पूर्ण फिट असल्याचं सर्टिफिकेट आणा. शेवटी एक टाइप केलेला कागद पुढे येतो, 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे.' कॅन्सर किंवा किडनीचा आजार त्या कागदावर कुठेच नसतो.

ही सही फार महाग पडते. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांच्या सलग नोकरीची अट आहे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण आजारामुळे माणूस आपलं काम करण्यास असमर्थ झाला, तर १९७२च्या कायद्याने त्या अटीतून सूट दिली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. राजीनाम्याचं कारण 'वैयक्तिक' असं लिहून दिलं, की तो हक्क मागणार कशाच्या आधारावर? शिवाय कंपनीचा सामूहिक मेडिक्लेम सहसा नोकरीबरोबरच संपतो. केमोथेरपी अर्ध्यावर असते आणि विमा जातो. नवी पॉलिसी घ्यायला जावं, तर आजार आधीपासूनचा ठरतो.

आपल्याकडे याचा विचारच झाला नव्हता असं नाही. १९४४ साली प्रा. बी. पी. अदारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल सादर केला. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. त्या अहवालाच्या पायावर १९४८चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. ज्याला आपण नुसतं 'ईएसआय' म्हणतो, तो हाच. त्यात साध्या आजारपणात ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. टीबी, कॅन्सर यांसारख्या ३४ दीर्घ आजारांत, दोन वर्षं सलग नोकरी आणि ठरावीक वर्गणी भरलेली असेल, तर ८० टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. आजारपणाचा भत्ता चालू असताना कामगाराला कामावरून काढायला या कायद्याने मनाई केली.

पण २०१७ साली या योजनेची वेतनमर्यादा ठरली दरमहा २१ हजार रुपये. पगार त्याच्या वर गेला, की पुढे ते छत्र उरत नाही आणि माणूस कंपनीच्या मर्जीवर येतो. कंत्राटी कामगाराची कथा आणखी वाईट. वर्गणी नियमित भरली गेली नसेल, तर भत्त्यासाठी त्यालाच खेटे घालावे लागतात, आणि मूळ कंपनी सांगते, हा आमचा माणूसच नाही.

सरकारी नोकरीत चित्र वेगळं आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर २०१६च्या कायद्यानुसार त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, की खालच्या पदावर टाकता येत नाही. जुनं काम झेपत नसेल, तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. हेच बंधन खासगी उद्योगांवर का नाही? हजारो माणसं कामाला असलेल्या कारखान्यात स्टोअरमध्ये, टाइम ऑफिसात किंवा तपासणीच्या टेबलावर एक खुर्ची निघत नाही, हे पटण्यासारखं नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली एका एचआयव्हीबाधित हंगामी कामगाराच्या खटल्यात दिशा दाखवली आहे. माणूस काम करण्यास सक्षम असेल आणि त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर केवळ आजाराच्या नावावर त्याला काम नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

मालकांकडे माझं मागणं मोठं नाही. पगार देणं जमत नसेल, तर निदान उपचार संपेपर्यंत नाव मस्टरवर ठेवा आणि विम्याचा हप्ता भरत राहा. आणि कामगार बंधुभगिनींनो, आजारपणात राजीनाम्यावर घाईने सही करू नका. रजेचा अर्ज लेखी द्या, त्यात आजाराचं नाव लिहा, पोच घ्या आणि सही करण्याआधी युनियनला किंवा वकिलाला कागद दाखवा.