उरलेल्या दाव्यांचे काय?



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्या डोळ्यांपुढे एकच न्यायालय आणि एकच जिना असावा. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र न्यायालयांचे जिने दोन आहेत. एका जिन्याने बरेच वर चढून गेलेल्या माणसाला तेथे कित्येकदा सांगण्यात येते की, तुमच्या मागणीचा हा भाग आमच्याकडचा नव्हे, तो दुसऱ्या जिन्याने न्या. असे सांगणारा न्यायाधीश आळशी नसतो, निष्ठुरही नसतो. तो एका तत्त्वाला धरून वागत असतो. परंतु ज्याला खाली उतरावे लागते, त्याचा वेळ, त्याचा पैसा आणि कधी कधी त्याचा सारा हक्कच पणाला लागलेला असतो. हे तत्त्व कोणते आणि त्याची किंमत कोणी द्यावयाची, या प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम हे दोन जिने कसे निर्माण झाले ते पाहू. आपल्याकडे कायदा संसदेने केलेला असो वा राज्याच्या विधिमंडळाने, त्याखालील दिवाणी तंटे सामान्यतः त्याच न्यायालयांत चालतात. तेथून वाद उच्च न्यायालयात जातो आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात. पक्षकार पणजीचा असो, बेळगावचा असो, इंदूरचा वा बडोद्याचा असो, त्याची वाट एकच. अमेरिकेत तसे घडले नाही. १७८७ साली तेथील राज्यघटना तयार झाली, तेव्हा तेरा राज्ये आपापले कायदे आणि आपापली न्यायालये घेऊनच संघात येत होती. ती न्यायालये कायम राहिली, आणि १७८९ च्या कायद्याने त्यांच्या शेजारी संघीय न्यायालये उभी करण्यात आली. करारमदार, वारसा, जमीनजुमला, अपघात, मारहाण असे जवळजवळ सर्व प्रकारचे तंटे राज्याच्या न्यायालयात चालू शकतात. संघीय न्यायालयाचा अधिकार मात्र मोजूनमापून दिलेला आहे. मुख्यत्वे दोन प्रकारचे वाद तेथे जातात. एक, ज्यांत संघाच्या कायद्याचा प्रश्न असेल ते. आणि दुसरे, ज्यांत वादी-प्रतिवादी निरनिराळ्या राज्यांचे असून मागणी ७५,००० डॉलरांहून अधिक असेल ते.

कागदावर ही वाटणी स्वच्छ दिसते. परंतु माणसावर कोसळणारे संकट संघाचे किती आणि राज्याचे किती, असे मोजून येत नाही. एकाच घटनेने दोन्ही कायद्यांचा भंग होतो. अशा वेळी त्याने दोन ठिकाणी दोन फिर्यादी लावाव्या काय?

या प्रश्नाचे प्रसिद्ध उत्तर १९६६ साली एका खाणीच्या तंट्यात मिळाले. १९६० च्या वसंत ऋतूत टेनेसी राज्यातील एका कोळसा कंपनीने आपली एक खाण बंद करून शंभर कामगारांना कमी केले. त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस तिच्या दुय्यम कंपनीने जवळच नवी खाण उघडण्याचे ठरविले आणि गिब्स नावाच्या गृहस्थास तिचा अधीक्षक नेमून कोळसा वाहून नेण्याचे कंत्राटही दिले. नव्या खाणीवर दुसऱ्या संघटनेचे कामगार येणार होते. १५ आणि १६ ऑगस्ट रोजी जुन्या कामगारांनी सशस्त्र जमावाने ती खाण उघडू दिली नाही. गिब्सची नोकरी गेली आणि कंत्राटही फुकट गेले. त्याने संघीय न्यायालयात खाण कामगारांच्या राष्ट्रीय संघटनेवर दावा लावला. त्यात संघाच्या मजूरविषयक कायद्याखाली एक मागणी होती, आणि करारात बेकायदा ढवळाढवळ केल्याबद्दल टेनेसीच्या कायद्याखाली दुसरी. खटला संपता संपता पहिली मागणी गळून पडली आणि राज्याच्या कायद्याची तेवढी उरली.

सर्वोच्च न्यायालयासाठी निकालपत्र लिहिताना न्यायमूर्ती ब्रेनन यांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. दोन्ही मागण्या एकाच घटनासमूहातून निघाल्या असतील, सामान्य माणूस त्या एकाच दाव्यात मांडील अशा असतील, तर संघीय न्यायालयाला दोन्ही ऐकण्याचा अधिकार आहे, ही पहिली गोष्ट. हा अधिकार वादीचा हक्क नव्हे, तो न्यायाधीशाने तारतम्याने वापरावयाचा आहे, ही दुसरी. संघीय मागणी सुनावणीपूर्वीच निकालात निघाली तर राज्याच्या कायद्याची मागणीही सोडून द्यावी, कारण राज्याचा कायदा सांगण्याचे काम राज्याच्या न्यायालयाचे आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. गिब्सच्या बाबतीत सुनावणी पुरी होईपर्यंत चित्र स्पष्ट झाले नव्हते; म्हणून ती मागणी ठेवून घेण्यात खालच्या न्यायालयाची चूक झाली नाही, असे ठरले. अर्थात गिब्सच्या पदरात शेवटी काही पडले नाही. मारझोडीला संघटनेची संमती होती याचा पुरेसा स्पष्ट पुरावा नाही, म्हणून त्याला मिळालेली भरपाई रद्द झाली. अधिकार आहे हे ठरणे आणि दावा जिंकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढे १९८९ च्या एका निकालाने, कायदेमंडळाच्या स्पष्ट संमतीवाचून हा अधिकार कितपत ताणता येईल, अशी शंका उत्पन्न केली. तेव्हा १९९० साली काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, कायदा करून त्याला पक्का आधार दिला आणि 'पूरक अधिकारक्षेत्र' असे नाव दिले. राज्याच्या कायद्याची मागणी संघीय न्यायालय केव्हा नाकारू शकेल, याची चार कारणेही त्यात नमूद झाली. राज्याच्या कायद्याचा प्रश्न नवा किंवा गुंतागुंतीचा असेल, हे पहिले. राज्याच्या कायद्याची बाजूच दाव्यात फार मोठी होऊन संघीय मागणी नावापुरती राहिली असेल, हे दुसरे. सर्व संघीय मागण्या निकालात निघाल्या असतील, हे तिसरे. अपवादात्मक परिस्थितीत दुसरे एखादे सबळ कारण असेल, हे चौथे. व्यवहारात यांपैकी तिसऱ्या कारणाशीच पक्षकाराची गाठ वारंवार पडते.

येथे कोणी विचारील की, न्यायाधीशाने कागदपत्रे वाचली, साक्षीपुरावे चाळले, वर्षदीड वर्ष त्या प्रकरणात घालविले. मग उरलेला भाग त्यानेच निकालात का काढू नये? शंका रास्त आहे. तथापि १९३८ पासून तेथे असा दंडक आहे की, राज्याच्या कायद्याचा प्रश्न आला म्हणजे संघीय न्यायाधीशाने स्वतःचे मत चालवावयाचे नाही. त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जो अर्थ लाविला असेल तोच मानावयाचा. जेथे त्या न्यायालयाने अद्याप काही सांगितलेले नाही, तेथे संघीय न्यायाधीशाला केवळ अंदाज करावा लागतो. ज्याच्या घरचा कायदा आहे त्याने तो सांगावा, यात शेजारधर्म आहे आणि शहाणपणही आहे. शिवाय हा नियम आंधळा नाही. श्रमाची बचत, पक्षकारांची सोय, न्याय्यता आणि राज्यांविषयीचा आदर या चार गोष्टी न्यायाधीशाने तोलून पाहाव्या, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली पुन्हा सांगितले. सुनावणी उद्यावर आलेली असेल आणि कायद्याचा प्रश्न सरळ असेल, तर उरलेला दावा तेथेच संपविण्यास कोणाची आडकाठी नाही. मात्र संघीय मागण्या सुनावणीपूर्वीच गळाल्या, तर तराजूचे पारडे बहुधा नाकारण्याकडेच झुकते.

नाकारलेला दावा 'हक्क अबाधित ठेवून' काढून टाकला जातो. म्हणजे तो खोटा ठरलेला नसतो; योग्य न्यायालयात तो पुन्हा लावता येतो. हे शब्द ऐकावयास धीर देणारे आहेत. परंतु दाव्याला मुदत असते, आणि मधल्या काळात ती मुदत उलटून गेली तर अबाधित ठेवलेल्या हक्काचा उपयोग काय?

दक्षिण कॅरोलिना राज्यातील एका विधवेपुढे हाच प्रश्न उभा राहिला. ऑक्टोबर १९९४ मध्ये तिच्या पतीला, मुलाच्या पोटगीची रक्कम न भरल्याबद्दल अटक करून रिचलंड काउंटीच्या कोठडीत ठेवण्यात आले. चार दिवसांनी, मद्य एकाएकी सुटल्यामुळे उद्भवलेल्या विकाराने तो तेथेच मरण पावला. १९९६ साली, मुदतीच्या आत, तिने संघीय न्यायालयात फिर्याद लावली. नागरी हक्कांच्या भंगाबद्दल संघीय कायद्याखाली एक मागणी केली आणि पतीच्या मृत्यूबद्दल राज्याच्या कायद्याखाली भरपाई मागितली. २० नोव्हेंबर १९९७ रोजी संघीय मागणीचा निकाल तिच्याविरुद्ध लागला. पंधरवड्याने न्यायालयाने उरलेल्या मागण्या ऐकण्याचे नाकारले. तिने विलंब लावला नाही. १८ डिसेंबरला ती राज्याच्या न्यायालयात दाखल झाली. तेथे ज्यूरीने तिला ८०,००० डॉलर भरपाई दिली. पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. कारण एकच: दावा मुदतबाह्य.

वस्तुतः १९९० च्या कायद्यात या संकटावर उपाय योजून ठेवलेला होता. उरलेला दावा संघीय न्यायालयात असेपर्यंत, आणि तो काढून टाकल्यानंतर आणखी तीस दिवस, मुदतीचे घड्याळ थांबते, असे त्यात म्हटले आहे. काउंटीचे म्हणणे असे की, राज्याच्या न्यायालयातील मुदतीत हात घालण्याचा अधिकार काँग्रेसला नाही. निदान राज्याच्याच एका अंगावर असा दावा लादता येणार नाही. २२ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे म्हणणे फेटाळले. निकालपत्र न्यायमूर्ती स्कालिया यांचे होते. हे कलम नसते तर न्यायाधीशांपुढे गैरसोयीचेच मार्ग उरले असते, असे त्यांनी दाखविले. मुदतीचा मुद्दा सोडून देण्याची अट प्रतिवादीला घालावयाची, किंवा आपल्याकडे न शोभणारा दावा पदरी बाळगावयाचा, किंवा तो सोडून देऊन वादीला नशिबाच्या हवाली करावयाचे. संघीय न्यायालयांचे काम नीट चालावे म्हणून काँग्रेसने ही सोय केली, आणि तसे करणे तिच्या अधिकारातील होते.

या कलमाने सर्वांचेच रक्षण केले असे मात्र नाही. आदल्याच वर्षी, २००२ साली, मिनेसोटा विद्यापीठातील दोन नोकरांच्या बाबतीत निराळा निर्णय झाला होता. ते विद्यापीठ राज्याचेच अंग असल्याने, संमतीवाचून संघीय न्यायालयात त्याच्यावर दावा चालत नाही. म्हणून त्यांचे दावे निघाले, आणि अशा प्रकरणात घड्याळ थांबत नाही असे ठरून राज्याच्या न्यायालयाचे दारही बंद झाले. पुढे २०१८ साली वॉशिंग्टन शहरातील एका आरोग्य-निरीक्षक स्त्रीच्या दाव्यात घड्याळ थांबणे म्हणजे काय, हाच वाद निघाला. ती संघीय न्यायालयात गेली तेव्हा तिच्या मुदतीची जवळजवळ दोन वर्षे शिल्लक होती. दावा निघाल्यावर ५९ दिवसांनी ती स्थानिक न्यायालयात आली. तिला केवळ तीस दिवसांची सवलत होती, असे तेथील न्यायालयांनी धरले. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी पाच विरुद्ध चार अशा बहुमताने सांगितले की, घड्याळ खरोखरीच थांबते. शिल्लक राहिलेली मुदत वादीला परत मिळते आणि तिच्यावर तीस दिवस. एका मताच्या फरकाने त्या स्त्रीचा दावा जिवंत राहिला.

अलीकडचा एक निर्णय तर याहून पुढे गेला. मिसूरी राज्यातील एका स्त्रीने, आजारी प्राण्यांसाठी म्हणून पशुवैद्याच्या चिठ्ठीवर विकले जाणारे कुत्र्याचे खाद्य विनाकारण महाग विकले जाते, अशी तक्रार राज्याच्या न्यायालयात केली. तक्रारीत संघीय कायद्याचाही उल्लेख असल्याने कंपन्यांनी ती संघीय न्यायालयात नेली. त्यावर तिने संघीय मागण्या स्वतःच वगळून टाकल्या. १५ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरविले की, अशा वेळी न्यायाधीशाला तारतम्याचाही प्रश्न उरत नाही. संघीय मागणीच नसेल तर पूरक अधिकारही नाही, आणि दावा राज्याच्या न्यायालयात परत गेलाच पाहिजे.

आपल्याकडे दोन जिन्यांचा हा पेच नसला, तरी चुकीच्या न्यायालयात गेलेला पक्षकार आपल्याकडेही आढळतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार, अधिकार नसलेले न्यायालय फिर्याद योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत देते. १९६३ च्या मुदत कायद्याचे चौदावे कलम, प्रामाणिकपणे व दक्षतेने अशा न्यायालयात घालविलेला काळ मुदतीतून वगळते. दोन्ही देशांची न्यायव्यवस्था भिन्न. पण दोन्हीकडच्या कायदेकर्त्यांना उमगलेली गोष्ट एकच आहे. न्यायालयाने आपल्या अधिकाराची मर्यादा ओळखणे हा सद्गुण आहे. मात्र त्या सद्गुणाचा खर्च पक्षकाराच्या माथी पडता कामा नये. 'हे आमचे काम नव्हे' असे म्हणण्याचा हक्क न्यायालयाला जरूर असावा. परंतु ते म्हणताना पलीकडचे दार उघडे आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कायद्याने उचलली पाहिजे. दक्षिण कॅरोलिनातील त्या स्त्रीच्या बाबतीत ती उचलली गेली. मिनेसोटाच्या त्या दोघांच्या बाबतीत ती उचलली गेली नाही. वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या पक्षकाराच्या दृष्टीने न्याय आणि अन्याय यांतील अंतर कधी कधी एवढेच असते.