खर्जाची वाटणी



या मालेत इतिहास, अर्थकारण, तत्त्वज्ञान असे भारदस्त विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. चिटणिसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा घरातल्या सिनेमाच्या यंत्रावरील एका आकड्याविषयी बोलू म्हणतो, असे आम्ही भीतभीतच सांगितले. त्यांनी क्षणभर आमच्याकडे दयेने पाहिले आणि म्हणाले, ‘ते यंत्र आमच्याही घरी आहे. बोला.’ तेव्हा असे समदुःखी या सभेत आणखीही असतील, असे आम्ही धरून चाललो आहोत.

दोन वर्षांपूर्वी आमच्या चिरंजिवांनी घरी होम थिएटर आणले. पुढे तीन स्पीकर, मागे दोन लहान, एक रिसीव्हर, आणि धान्याच्या कोठीएवढा एक सबवूफर. दुकानाचा माणूस आला, त्याने तारा जोडल्या, सबवूफर आईच्या खाटेमागच्या कोपऱ्यात सरकवला, आकडे भरले आणि युद्धाचा एक चित्रपट लावून दाखवला. कपाटातल्या कपबश्या वाजू लागल्या. घरची मंडळी खूश झाली; खालच्या मजल्यावरची तितकीशी नाही.

त्या रात्री आम्ही वडिलांची १९७८ सालची एक ध्वनिफीत लावली. वडील हौशी गवई. घरच्या बैठकीत कोणीतरी ती मुद्रित केली होती आणि त्यांच्या आवाजाची तेवढीच एक खूण आमच्याजवळ उरली आहे. आई दोन मिनिटे ऐकत राहिली, मग म्हणाली, ‘हा ह्यांचा आवाज नव्हे. आणि हे माझ्या पाठीमागून कोण गातंय?’

यंत्र हजारो रुपयांचे आणि आईचे कान ऐंशी पार केलेले. तरी आम्ही आईच्या बाजूने उभे राहिलो, आणि पुढे कळले की तिचेच बरोबर होते.

ध्वनी म्हणजे हवेचे कंप. सेकंदाला किती कंप, हे हर्ट्झ या मापाने सांगतात. तरुण निरोगी माणसाला सुमारे २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते. यातला खालचा भाग, म्हणजे खर्ज, लहान स्पीकरला झेपत नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. आवाज तेवढाच ठेवून स्वर एक सप्तक खाली न्यायचा, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट मागेपुढे हलावे लागते. ८० हर्ट्झला जो पडदा एक मिलिमीटर हलतो, त्याला ४० हर्ट्झला चार आणि २० ला सोळा मिलिमीटर हलले पाहिजे. चार-पाच इंचांच्या पडद्याने एवढी कसरत केली तर तो चिरकतो, आणि त्याच वेळी त्याच्यातून येणारे संवादही गढूळ होतात. म्हणून कामाची वाटणी करायची: अमुक आकड्याच्या वरचे स्पीकरने वाजवावे, खालचे सबवूफरने. तो आकडा म्हणजे क्रॉसओव्हर.

हा आकडा म्हणजे दोन शेतांमधला बांध, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. तेथे चढउतार असतो. प्रचलित पद्धतीत सबवूफरचा आवाज त्या आकड्यापाशी निम्म्यावर आलेला असतो आणि तेथून एक सप्तक वर गेले की सुमारे सोळाव्या हिश्श्यावर येतो. स्पीकर त्याच उतारावर उलट दिशेने चढतो. सीगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ साली ज्या पद्धतीचे गणित प्रसिद्ध केले, तिच्यात ही दोन अर्धुके मिळून पूर्ण एक होते. तेव्हा ८० हा आकडा दिला म्हणजे ८१ वा कंप सबवूफरच्या तोंडून निघणारच नाही, असे समजू नये.

आता आकडा कोणता? टॉमलिन्सन होल्मन या ध्वनितज्ज्ञांच्या देखरेखीखाली अमेरिकेत टीएचएक्स ही चित्रपटगृहांची पद्धत तयार झाली. १९८३ साली ती लोकांपुढे आली, आणि पुढे घरगुती यंत्रांसाठी तिने ८० हर्ट्झ हा आकडा धरला. त्यामागे कानाचा हिशेब आहे. ८० हर्ट्झच्या तरंगाची हवेतली लांबी जवळजवळ चौदा फूट, आणि आपल्या दोन कानांत अंतर सहा-सात इंच. एवढा लांबरुंद तरंग दोन्ही कानांशी जवळजवळ एकाच रूपात येतो, त्यामुळे तो कोठून आला हे मेंदूला सांगता येत नाही. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वरही बहुधा ८५ च्या वर असतो. म्हणजे ८० ला वाटणी केली, तर माणसाचा आवाज त्याच्या तोंडापाशी राहतो आणि खर्ज कोपऱ्यातून आला तरी चोरी पकडली जात नाही.

दुकानाच्या माणसाने आमच्याकडे १५० भरले होते. वडील काळी एकमध्ये गात. त्या पट्टीचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा. म्हणजे षड्जाचा बराचसा भाग सबवूफरकडे, पंचम दोघांत वाटलेला, आणि तार षड्ज सगळा पुढच्या स्पीकरांकडे! वडील खाली उतरले की आईच्या खाटेमागे बसत आणि वर चढले की दूरदर्शनसंचापाशी जात. जिवंतपणी त्यांनी बैठक सोडून असे कधी केले नव्हते.

दोष कळल्यावर आम्ही उत्साहाने दुसरी चूक केली. रिसीव्हरमध्ये ८० भरले आणि सबवूफरच्या पाठीवर जी चकती असते तीही ८० वर आणली. दोन्हीकडे एकच आकडा म्हणजे एकवाक्यता, असे आम्हांला वाटले. दुसऱ्या दिवशी ध्वनिफीत लावली तर आवाज समोरून आला खरा, पण तंबोऱ्यातला खर्ज नाहीसा झाला. काळी एकच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते, म्हणजे नेमकी आमच्या आकड्याशेजारी. तेथे रिसीव्हरच्या चाळणीतून गाळलेला खर्ज सबवूफरने स्वतःच्या चाळणीतून पुन्हा गाळला. एकदा उतरलेला आवाज आणखी उतरला, शिवाय प्रत्येक चाळणीत थोडा उशीर होत असल्याने सबवूफर मागे पडला. स्पीकर हवा ढकलत असता सबवूफर ती ओढू लागला आणि दोघांनी मिळून तो स्वर मारला. दोन घरचा पाहुणा उपाशी, त्यातली गत.

तेव्हा पहिली गोष्ट ही करावी: रिसीव्हर वाटणी करीत असेल तर सबवूफरवरची चकती पार वरच्या टोकाला न्यावी, किंवा एलएफई अशी खूण असेल तर ती निवडावी. वाटणी करणारा एकच असावा.

मग आपल्या स्पीकरची कुवत पाहावी. पुस्तिकेत खालचा आकडा दिलेला असतो, पण तो आवाज तीन डेसिबल उतरल्यावरचा आहे की दहा, हे वाचल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नये. उत्पादकाच्या आशावादाला दहा डेसिबल फार सोयीचे पडतात. तीन डेसिबलचा आकडा घेऊन त्याच्यावर अर्धे ते एक सप्तक जागा सोडावी. आमचे पुढचे स्पीकर ५० पर्यंत जातात, त्यांना ८० दिले. मागचे चिमुकले ९० लाच दमतात, म्हणून त्यांना १२०. रिसीव्हर प्रत्येक जोडीला निराळा आकडा घेत असेल तर सगळ्यांना एका मापाने मोजण्याचे कारण नाही. घरात उंच, मोठे स्पीकर असले तरी यादीत त्यांना ‘लहान’ म्हणावे. त्यात अपमान काही नाही. खर्ज सबवूफरकडे पाठवा, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे. रिसीव्हर मायक्रोफोन लावून स्वतः मोजमाप करतो, त्याने दिलेला आकडा आपण वर न्यावा, खाली आणू नये. ज्याच्या खाली तो स्पीकर पुरा पडत नाही असे त्याने मोजले आहे, तेथे ओढून आणून उपयोग नाही.

चित्रपटात पाच वाहिन्यांखेरीज निव्वळ दणक्यांची आणखी एक वाहिनी असते, ५.१ मधला ‘.१’ तो हाच. ती १२० पर्यंत जाते आणि तिच्यासाठी निराळा आकडा विचारला जातो. तेथे १२० ठेवून विसरून जावे. वडिलांच्या ध्वनिफितीत ती वाहिनी अर्थातच नव्हती. दुकानातल्या दणक्यावरून वाटणी ठरवली की गाण्याचे असे हाल होतात.

राहिली खोली. आमची पंधरा फूट लांब आहे. तिच्या लांबीत ३८ हर्ट्झच्या आसपासचा स्वर दोन्ही टोकांना फुगतो आणि बरोबर मध्यावर बसलेल्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. आईची खाट टोकाला आणि आमची खुर्ची मध्यावर असल्यामुळे खर्ज फार की थोडा, यावर घरात बरेच दिवस वाद चालला होता; दोन्ही पक्ष खरे बोलत होते. हा दोष कोणत्याही आकड्याने जात नाही. सबवूफर ऐकणाऱ्याच्या जागी ठेवावा, खर्जाचे एखादे गाणे लावावे आणि आपण भिंतीकडेने रांगत जेथे तो सारखा ऐकू येईल ती जागा शोधावी, मग सबवूफर तेथे न्यावा. आम्ही ते दार लावून केले. शेवटी ८० हर्ट्झचा एकसुरी नाद लावून सबवूफरवरची शून्य आणि १८० अंशांची कळ दोन्हीकडे फिरवून पाहावी, ज्या बाजूला नाद मोठा येईल ती ठेवावी. दोघे एकाच दिशेने ढकलतात, याची ती खूण.

सबवूफर आता पुढच्या भिंतीशी, मधल्या स्पीकरच्या उजव्या हाताला आहे. खालच्या शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून त्याचा आवाजही थोडा उतरवला आहे. गेल्या दिवाळीत पुन्हा ती ध्वनिफीत लावली. आई खाटेवर बसून डोळे मिटून ऐकत होती. एक बाजू संपली तेव्हा आम्ही विचारले, ‘आता कसं वाटतं?’

‘ह्यांचं ठीक आहे,’ ती म्हणाली. ‘खर्जाची तार उतरलीय. त्या दिवशी मी सांगत होते, कुणी ऐकलं नाही.’