तुरुंगात भेटायला गेलेला मालक
(गणेशोत्सवातील भाषण)

मी रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनिअर, वक्ता नव्हे. चूकभूल द्यावी घ्यावी.

आज रॉस पेरो यांच्याविषयी बोलतो. जन्म १९३०, टेक्सास. १९५३ मध्ये अमेरिकेच्या नौदल अकादमीतून बाहेर पडले, चार वर्षे नौदलात काढली, मग आयबीएममध्ये विक्रेते. १९६२ साली हजार डॉलरवर ईडीएस ही संगणकसेवेची कंपनी काढली. १९८४ मध्ये ती जनरल मोटर्सने अडीच अब्ज डॉलरना घेतली. १९९२ ला अध्यक्षपदासाठी उभे राहिले, हरले. जुलै २०१९ मध्ये वारले.

मला मात्र आठवते ते तेहरान. इराणच्या क्रांतीच्या धामधुमीत त्यांचे दोन अधिकारी तुरुंगात पडले होते. १९७९ च्या सुरुवातीला हा कोट्यधीश स्वतः तिथे गेला, तुरुंगात जाऊन त्यांना भेटला. पुढे जमावाने तुरुंग फोडला, दोघे निसटले, आणि पेरोंनी पाठवलेल्या निवृत्त कर्नल सायमन्स यांच्या तुकडीने त्यांना तुर्कस्तानमार्गे घरी आणले.

माझ्या गँगमधला एक ट्रॅकमन ब्लॉकच्या कामात जखमी झाला, तेव्हा मी रिपोर्ट लिहीत बसलो. दवाखान्यात दुसऱ्याला धाडले. तिसऱ्या दिवशी गेलो, तर त्यानेच विचारले, "साहेब, ब्लॉक वेळेत क्लिअर झाला ना?"

गणपती बाप्पा मोरया!