इनाम लागले, माणूस सापडला नाही
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



घरातली पोरं टीव्हीवर एक गोष्ट पाहतात. दुसऱ्या ग्रहावरून एक शिकारी येतो. कुणीतरी त्याला इनाम कबूल केलेले असते. एका पुढाऱ्याला जिवंत उचलून आणायचे आणि थैली घ्यायची, एवढेच त्याचे काम. हत्यारे भारी, यान भारी, आणि शेवटी गडी रिकाम्या हाताने परत. पोरं हसतात. आपण म्हणतो, काय खोटंनाटं दाखवतात!

पण ही गोष्ट आपल्या मुलखात खरी घडलेली आहे. शिकारी परग्रहावरचा नव्हता, सातासमुद्रापलीकडच्या सरकारचा होता. आणि तो का हरला, हे समजून घेण्यासारखे आहे.

८ ऑगस्ट १९४२. मुंबईत गवालिया टँकच्या मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला. सरकारने रात्र उलटू दिली नाही. ९ तारखेच्या पहाटे गांधीजींसह सगळे मोठे पुढारी उचलले. गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसात, नेहरू-पटेल अहमदनगरच्या किल्ल्यात. संध्याकाळी दादरला शिवाजी पार्कवर कस्तुरबा बोलणार होत्या. त्यांनाही अटक झाली. सरकारचा हिशेब सरळ होता. डोके उचलले की धड आपोआप पडते.

त्याच सकाळी गवालिया टँकवर अरुणा असफअलींनी झेंडा फडकवला आणि त्या भूमिगत झाल्या. सरकारने त्यांची दिल्लीची मालमत्ता जप्त करून विकली आणि पकडून देणाऱ्याला ५,००० रुपयांचे इनाम लावले. त्या काळच्या पाच हजारांचा विचार करा. गिरणीत पाळी करणाऱ्या माणसाने एवढी रक्कम जन्मात एकत्र पाहिली नसती. तरी त्या सापडल्या नाहीत. १९४४ साली गांधीजींनीच त्यांना लिहिले की स्वतःच हजर व्हा आणि इनामाची रक्कम हरिजन कार्याला द्या. तेही त्यांनी ऐकले नाही. १९४६ मध्ये सरकारने वॉरंट मागे घेतले, तेव्हा त्या उघड्यावर आल्या.

आपल्या नगर जिल्ह्याचे अच्युतराव पटवर्धन तसेच. अखेरपर्यंत हाती लागले नाहीत. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील. येडेमच्छिंद्रचा शेतकऱ्याचा पोर, एके काळचा तलाठी. त्यांच्यावरही इनाम होते, जमीन-घरावर जप्ती होती. १९४२ ते १९४६, चार वर्षे सरकारने रान पालथे घातले. नाना सापडले नाहीत.

आता कुणी म्हणेल, हे लोक फार हुशार असतील. हुशार तर जयप्रकाश नारायणही होते. १९४२ च्या दिवाळीत हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून पळाले. त्यांच्यावरचे इनाम १०,००० पर्यंत चढले. नेपाळात ते आणि राममनोहर लोहिया पकडले गेले, तर साथीदारांनी चौकीवर हल्ला करून त्यांना सोडवून आणले. पण १९४३ च्या सप्टेंबरात जयप्रकाश रेल्वेत सापडले आणि १९४४ च्या मे महिन्यात लोहिया मुंबईतच सापडले. म्हणजे एकट्याच्या हुशारीला हद्द असते.

गिरगाव-चौपाटीच्या भागात त्याच १९४२ साली गुप्त काँग्रेस रेडिओ चालला. विल्सन कॉलेजात शिकलेली उषा मेहता ही बावीस वर्षांची मुलगी आणि तिचे सोबती यंत्र घेऊन या इमारतीतून त्या इमारतीत फिरत. पोलिसांची गाडी आवाजाचा माग काढत मागे. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत त्यांनी पोलिसांना झुलवले. शेवटी घात झाला तो घरातूनच. यंत्राचे काम जाणणाऱ्या त्यांच्याच एका माणसाने ठिकाण सांगितले, असे उषाताईंनी पुढे सांगितले. त्यांना चार वर्षांची सजा झाली. यंत्राने जे जमले नाही ते एका जिभेने केले.

आणखी मागे जा. १८७९. दुष्काळाने रान भाजून निघालेले. वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केले. सरकारने त्यांच्यावर इनाम लावले, तर या माणसाने उलट गव्हर्नरवरच इनाम जाहीर केले! छाती केवढी! पण बरोबरचे पुष्कळ लोक लुटीसाठी आलेले. लूट हाती आली की घरचा रस्ता धरत. दौलतराव नाईक पडले आणि फडके एकटे उरले. जुलै १८७९ मध्ये दमून झोपलेले असताना पकडले गेले. एडनच्या तुरुंगात १८८३ साली गेले.

फडके आणि नाना पाटील यांत धाडसाचा फरक नाही. फरक भोवतालच्या माणसांचा आहे. साताऱ्याच्या प्रतिसरकारने गावातले तंटे गावात मिटवले, सावकाराच्या आणि गुंडाच्या जाचाला आळा घातला, कमी खर्चात लग्ने लावली. ज्या बाईची पोर कर्जाशिवाय उजवली गेली, ती बाई इनामासाठी तोंड उघडेल का?

आणि साताऱ्याचे गाव साताऱ्यातच संपत नव्हते. घाटावरच्या कितीतरी घरांतला एक माणूस लालबाग-परळच्या गिरणीत होता. तुमच्या-माझ्या आजोबांचा कापूस ज्या गिरण्यांत जायचा, त्याच त्या. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसे, एक नळ, एक गॅलरी. चाळीत नवा माणूस लपत नाही. तो लपवावा लागतो, आणि सगळ्यांनी मिळून. पाहुणा आहे, गावाकडचा आहे, एवढे सांगायचे आणि गप्प बसायचे.

खरे तेही सांगितले पाहिजे. साताऱ्यात सगळे गप्प प्रेमानेच बसले असे नाही. खबऱ्याच्या तळपायावर मार बसे. 'पत्री सरकार' हे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. भीतीही होती. पण नुसत्या भीतीवर चार वर्षे निघत नाहीत. भीती तर सरकारजवळ जास्त होती. बंदूक, जप्ती, तुरुंग, वर इनाम. धाक हीच किंमत असती तर सरकारची बोली केव्हाच वरचढ ठरली असती.

भावांनो, कापसाची बोली आपण जन्मभर ऐकतो. माल आपला, भाव दुसऱ्याचा. पण त्या चार वर्षांत एक माल असा निघाला की ज्याला सरकारने भाव पुकारला आणि विकणाराच पुढे आला नाही.

आज कुणाच्या डोक्यावर असे इनाम लागत नाही. आज बोली वेगळी लागते. कुणाला पद, कुणाला ठेका, कुणाला नुसते गप्प बसण्याचे पैसे. उचलून न्यायला शिकारी यावा लागत नाही, माणूस स्वतःच गाडीत जाऊन बसतो. म्हणून पुढारी पारखायचा तर त्याचे भाषण ऐकून पारखू नका, माझेही नाही. घरी जाऊन ज्वारीची भाकरी थापणाऱ्या बाईला विचारा: याच्यावर पाच हजारांचे इनाम लागले आणि हा रात्री दाराशी आला, तर तू कडी काढशील का? ती हो म्हणाली तर त्याच्यामागे चला. ती गप्प राहिली, तर तुम्हीही विचार करा.