महापौरांची खुर्ची, आयुक्तांची सही

गल्लीतला नळ कोरडा पडला की आपण नगरसेवकाला गाठतो. नगरसेवक महापौरांकडे जातो आणि महापौर आयुक्तांना पत्र लिहितात. काम होतं ते आयुक्तांच्या सहीने. शहराचा प्रथम नागरिक म्हणून ज्यांना मान मिळतो, त्यांना एक जलवाहिनी बदलण्याचा आदेशही काढता येत नाही. मुंबईत १८८८ च्या कायद्याने अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांना दिला आहे. राज्यातल्या बाकी महापालिकांचा कारभार १९४९ च्या कायद्याने चालतो, तिथेही विभागणी हीच. म्हणून महापौरपद शोभेचं, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. ज्यांनी ही घडी बसवली त्यांनी लोकप्रतिनिधींकडे एक फार मोठं काम सोपवलं होतं. शहराचा पैसा आधी कशावर खर्च व्हायचा हे ठरवायचं आणि खर्च करणाऱ्याला जाब विचारायचा. हे काम हातून निसटलं, म्हणून आज ते पद पोकळ वाटतं.

या घडीमागची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८६५ च्या कायद्याने मुंबईला पहिला म्युनिसिपल कमिशनर मिळाला, आर्थर क्रॉफर्ड. माणूस धडाडीचा. शहर स्वच्छ झालं, बाजार उभा राहिला, पण तिजोरी रिकामी झाली आणि १८७१ मध्ये करदाते खवळून उठले. त्याच वर्षी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये २६ वर्षांच्या फिरोजशहा मेहतांनी या प्रश्नावर निबंध वाचला. संतापलेल्या सभेला ऐकायचं होतं त्याच्या उलट त्यांनी मांडलं. कमिशनरचे अधिकार काढून समितीला दिलेत तर जबाबदारी कुणाचीच राहणार नाही. अंमल एका जबाबदार माणसाकडेच असू द्या. खरा दोष त्याच्यावर देखरेख करायला नेमलेल्या जस्टिसेस ऑफ द पीस यांच्या मंडळाचा आहे. ते सरकारने नेमलेले, त्यांना विचारणारं कोणी नाही. त्यांच्या जागी करदात्यांनी निवडलेली माणसं बसवा. १८७२ चा कायदा त्याच दिशेने गेला. ६४ सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडले. १८८८ चा कायदा घडवण्यातही फिरोजशहांचा मोठा वाटा होता, आणि ते स्वतः चार वेळा महापालिकेचे अध्यक्ष झाले. १९३१ मध्ये त्याच अध्यक्षपदाला मेयर हे नाव मिळालं. म्हणजे हा एक करार होता. सही आयुक्तांची, पण सही कशावर व्हायची ते सभागृहाच्या संमतीने.

या कराराचा दुसरा भाग किती मोलाचा असतो, हे पुण्याच्या एका प्रसंगातून दिसतं. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या मुलांच्या शिक्षणाकडे वळवावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मतदानात ते एकटे पडले आणि प्रस्ताव मंजूर झाला. तरी स्वागताची कमान आधी की शाळा आधी, हा प्रश्न सभागृहात विचारला गेला. पुढे १९२४ मध्ये कलकत्त्याचे पहिले महापौर म्हणून चित्तरंजन दास निवडून आले. मोफत प्राथमिक शिक्षण, गरिबांना मोफत औषधोपचार, स्वस्त आणि शुद्ध दूध, पाणी, घरं असा क्रम त्यांनी शहरापुढे ठेवला. मुख्य कार्यकारी अधिकारी होते सुभाषचंद्र बोस, आणि त्यांची निवड महापालिकेनेच केली होती. ठरवणारे आणि राबवणारे एकाच सभागृहाला बांधलेले होते.

आपल्याकडे आयुक्त राज्य सरकार नेमतं आणि बदलीही तेच करतं. सभागृहाने केलेला ठराव राज्य सरकारला निलंबित किंवा विखंडित करता येतो. महापौरांची मुदत पूर्वी एक वर्षाची होती, आता अडीच वर्षांची आहे. पद कोणत्या प्रवर्गाला जाणार हे सोडतीने ठरतं. या आरक्षणाबद्दल कुरकुर करणाऱ्यांशी मी सहमत नाही. महिला, दलित, आदिवासी, ओबीसी कार्यकर्ते त्या खुर्चीपर्यंत पोचले ते त्यामुळेच. अडचण मुदतीची आहे. अर्थसंकल्प कसा वाचायचा हे उमगेपर्यंत निरोपाची वेळ येते. त्यात २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने मुदत संपण्याआधी निवडणूक बंधनकारक केली आहे, तरी ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात ती लांबत गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये आदेश द्यावा लागला. त्याच वर्षी मुंबईचा ७४ हजार ४२७ कोटींचा अर्थसंकल्प प्रशासनाने मांडला आणि तो प्रशासकांनाच सादर झाला. समोरच्या बाकांवर हरकतीचा मुद्दा घेणारं कोणी नव्हतं. करारातला एक पक्षच जागेवर नव्हता, आणि शहर तरीही चालतंय म्हणून आपण समाधान मानलं, याचं मला फार वाईट वाटतं.

यावर आक्षेप येतो तो असा, की नगरसेवकांपेक्षा आयुक्त बरा. तो निदान कायद्याने वागतो, त्याला कंत्राटदार पोसायचा नसतो. २०१६ मध्ये नवी मुंबईच्या सभागृहाने आयुक्तांवर प्रचंड बहुमताने अविश्वास ठराव मंजूर केला, तेव्हा अनेक नागरिक आयुक्तांच्या बाजूने उभे राहिले होते. ती भावना मी हलकी लेखत नाही. पण चांगला अधिकारी आपल्या मागणीवरून येत नाही, आणि त्याची बदली झाली की आपल्या हातात काही उरत नाही. नगरसेवक वाईट निघाला तर पाच वर्षांनी त्याला घरी बसवता येतं. टक्केवारीची कीड खरीच आहे, आणि ती प्रशासकांच्या काळात आपोआप मेली असं मानायला काही आधार नाही. दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे. १९९८ मध्ये मुंबई आणि नागपुरात महापौर परिषद आणून महापौरांना कार्यकारी अधिकार दिले गेले, आणि हा प्रयोग अल्पावधीत गुंडाळला. मात्र एवढ्या थोड्या काळात कुठलीही पद्धत पारखता येत नाही. कोलकात्यात तीच पद्धत १९८० च्या दशकापासून चालू आहे. आपल्याच राज्यात नगरपरिषदेचा नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो. लहान गावाच्या मतदाराला जे जमतं ते मोठ्या शहराच्या मतदाराला का जमू नये?

तरीही मी आजच्या आज सगळे अधिकार महापौरांकडे द्या, असं म्हणणार नाही. फिरोजशहांचा युक्तिवाद अजून खरा आहे. अंमल एकाच्याच हाती हवा. एप्रिल २०२० मध्ये मुंबईच्या तत्कालीन महापौर किशोरी पेडणेकर, ज्या पूर्वी परिचारिका होत्या, परिचारिकेचा गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या आणि कर्मचाऱ्यांना धीर दिला. खाटा किती, प्राणवायू कुठे, हे निर्णय प्रशासनाचे होते. पण शहराच्या वतीने कोणीतरी तिथे उभं राहायला हवं होतं. हे उभं राहणं महापौरांचंच काम आहे, आणि ते अर्थसंकल्पाच्या सभेतही व्हायला हवं. महापौरांची मुदत पाच वर्षांची करायला कायदा बदलावा लागेल. पण अर्थसंकल्प येण्याआधी महापौरांनी आपला प्राधान्यक्रम लेखी स्वरूपात सभागृहापुढे ठेवायला कुठलाही कायदा आड येत नाही. कोणत्या वस्तीत मलवाहिनी आधी, कोणत्या प्रभागात दवाखाना आधी, आणि त्यासाठी कोणता उड्डाणपूल एक वर्ष थांबेल, हे त्यात स्पष्ट असावं. आयुक्तांनी त्यातलं काय घेतलं, काय वगळलं आणि का, याचं उत्तर त्याच सभेत, प्रेक्षक गॅलरीत बसलेल्या नागरिकांच्या देखत द्यावं.